संस्कृतात ९४ ला ‘ए२’ आणि विज्ञानात ९० ला ‘ए१’: निकालपत्र वाचायचे कसे?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आमच्या लेकीची दहावीची मूळ गुणपत्रिका गेल्या आठवड्यात शाळेतून मिळाली. ती केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, २०२५ च्या तुकडीतील आहे. मे महिन्यात निकाल मोबाईलवर पाहिला तेव्हा आम्ही घाईघाईने टक्केवारी काढली, नातेवाइकांना कळवली, पेढे वाटले आणि विषय संपला असे समजलो. मूळ कागद घरी आला तेव्हा माझ्या वडिलांनी चष्मा लावून तो ओळीने वाचायला घेतला आणि दोन मिनिटांत मला हाक मारली. संस्कृतात ९४ गुण असून पुढे ‘ए२’ छापलेले आहे आणि विज्ञानात ९० गुण असून पुढे ‘ए१’. “अरे, ही दोन अक्षरे एकमेकांच्या जागी तर पडली नाहीत ना?” असे ते म्हणाले, आणि मला उत्तर देता आले नाही.

नववीच्या वार्षिक निकालात शाळेने दिलेला तक्ता माझ्याकडे आहे. त्यात ९१ ते १०० ला ए१, ८१ ते ९० ला ए२, ७१ ते ८० ला बी१ असे स्वच्छ लिहिलेले आहे. त्या हिशेबाने संस्कृतात ए१ आणि विज्ञानात ए२ हवे होते. म्हणजे झाले ते बरोबर उलटे. शाळेच्या कार्यालयात विचारले तर लिपिकाने “सगळे कॉम्प्युटरवरून येते, चूक होत नाही” एवढेच सांगितले आणि सूचनाफलकाकडे बोट दाखवले. फलकावर दहावीच्या पालकांसाठी तोच ९१ ते १०० वाला तक्ता टाचलेला होता. म्हणजे ज्या तक्त्याने गोंधळ झाला, तोच तक्ता उत्तर म्हणून मिळाला.

दुसरी गोष्ट धाकट्याची. तो दुसरीत होता, आता तिसरीत गेला. त्याच्या प्रगतिपत्रकात गुण नाहीत आणि अक्षरेही नाहीत. झरा, डोंगर आणि आकाश अशी चित्रे आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या वाट्याला डोंगर आला आहे. आमच्या आईने विचारले, “डोंगर म्हणजे पासच ना रे?” त्यावरही मी गप्प राहिलो.

ज्यांना याची नीट माहिती असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मंडळाकडे तक्रार करावी की नाही, हेही सांगावे.

नववीचा बाप (इंदूर)

तक्रार करण्याआधी थांबा, कारण आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी असेच झाले होते आणि चूक नव्हती. कारण मात्र मला समजावून सांगता येणार नाही. गणितवाल्या ताई वाचत असतील तर त्यांनी लिहावे.

गणितवाली ताई (इंदूर)

रामबागकर, आपल्या लेकीच्या गुणपत्रिकेत काहीही चुकलेले नाही. ती पुन्हा एकदा समोर घ्या आणि अक्षरांच्या रकान्याचे शीर्षक वाचा. तिथे नुसते ‘ग्रेड’ लिहिलेले नसून ‘पोझिशनल ग्रेड’ असे शब्द आहेत. मी अनेक वर्षे दहावीला गणित शिकवते आहे आणि तो पहिला शब्द वाचलेला पालक मला क्वचितच भेटला आहे. नववीच्या पत्रकातले अक्षर तुमच्या मुलीने किती गुण मिळवले ते सांगते. दहावीच्या मंडळाच्या पत्रकातले अक्षर त्या विषयात उत्तीर्ण झालेल्या सगळ्या मुलांच्या रांगेत ती कुठे उभी आहे ते सांगते. अक्षरे तीच असल्यामुळे आपल्याला ती एकाच मापाची वाटतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मंडळाची पद्धत अशी आहे. एखाद्या विषयात जितकी मुले उत्तीर्ण होतात त्यांना गुणांच्या उतरत्या क्रमाने लावतात आणि त्या रांगेचे आठ भाग करतात. पहिल्या अष्टमांशाला ए१, पुढच्या अष्टमांशाला ए२, त्यानंतर बी१, बी२, सी१, सी२, डी१ आणि डी२. जे उत्तीर्ण झाले नाहीत त्यांना ई. म्हणजे ए१ साठी किती गुण लागतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. ते त्या वर्षी त्या विषयात बाकीच्यांनी काय केले यावर ठरते.

आता रांगेचे आठ समान भाग करायचे म्हटले तरी कात्री नेमकी एकसारखे गुण मिळालेल्या मुलांच्या घोळक्यातून जाते. समजा, एका विषयात ८००० मुले उत्तीर्ण झाली. पहिला अष्टमांश १००० मुलांचा. त्यात ९५ किंवा अधिक गुण मिळालेली ९०० मुले आहेत आणि ठीक ९४ गुण मिळालेली ३०० आहेत. हजारावी जागा या ३०० च्या मधोमध कुठेतरी पडते. १०० जण रेषेच्या वर राहतात आणि २०० जण खाली. सारख्या गुणांना दोन वेगळी अक्षरे देता येत नाहीत, म्हणून नियम असा की लहान तुकडा मोठ्या तुकड्याबरोबर जातो. येथे खालचा तुकडा मोठा, त्यामुळे ९४ वाल्या सगळ्या ३०० जणांना ए२. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण तुमच्या मुलीच्या संस्कृतात घडले असेल ते याच जातीचे. संस्कृतात भरभरून गुण घेणारी मुले पुष्कळ असतात, त्यामुळे रांगेचे डोके वरच्या गुणांवर दाटलेले असते. विज्ञानात तितकी दाटी नव्हती, म्हणून ९० गुणांवरही ती पहिल्या अष्टमांशात आली.

ज्या विषयाला उत्तीर्ण मुलांची संख्या ५०० पेक्षा कमी असते, तिथे एवढी लहान रांग आठ भागांत तोडणे बरे नव्हे, म्हणून तशाच स्वरूपाच्या दुसऱ्या विषयाची विभागणी वापरली जाते.

आणि हे पालकांना मी दरवर्षी सांगते, की दहावीत लेखी ८० आणि अंतर्गत २० यांची बेरीज करून ३३ टक्के झाले की विषय सुटतो. एकूण श्रेणी, विशेष योग्यता किंवा सरासरी टक्केवारी मंडळ स्वतः देत नाही. पाच विषय धरून टक्के काढायचे असतील तर ते जिथे प्रवेश घ्यायचा त्या संस्थेने काढायचे. आपण पेढे वाटताना जी टक्केवारी सांगितली, ती आपलीच होती.

निवृत्त मास्तर (ग्वाल्हेर)

ताईंनी फार नेटके समजावले. मी मध्य प्रदेश मंडळाच्या शाळेत आयुष्य काढले. आमच्या वेळी सगळे सरळ होते: ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय, ३३ ला तृतीय, आणि ७५ च्या वर गेला की विशेष योग्यता. ‘फर्स्ट डिव्हिजन आला’ एवढे म्हटले की गल्लीला कळत असे. ५९ आणि ६० मधल्या एका गुणासाठी मुले रडलेली मी पाहिली आहेत, हे मात्र खरे. त्यामुळे जुने ते सगळे सोने होते असे मी म्हणणार नाही.

तरीही एक शंका विचारतो. मुलीने ९४ गुण मिळवले. तिचे काम तिने केले. मग शेजारच्या मुलांनी ९५ मिळवले म्हणून तिचे अक्षर खाली का यावे? परीक्षा तिची घेतली की रांगेची?

गणितवाली ताई (इंदूर)

मास्तर, शंका योग्य आहे. म्हणूनच मंडळ अक्षराबरोबर गुणही छापते. अक्षराचा उपयोग वेगळ्या प्रश्नासाठी आहे. संस्कृतातले ९४ आणि विज्ञानातले ९० यांत जास्त अवघड काय होते, हे नुसत्या गुणांवरून कळत नाही, कारण प्रश्नपत्रिका वेगळ्या, तपासण्याची पद्धत वेगळी. रांगेतली जागा पाहिली तर कळते की विज्ञानात ही मुलगी इतरांच्या मानाने अधिक पुढे आहे. अकरावीला विषय निवडताना घरी बसून विचार करायला ही माहिती मोलाची आहे. पण तिच्या ९४ गुणांना ए२ मुळे काही कमीपणा येतो असे समजणे चुकीचे आहे.

२०१२ ची आई (इंदूर)

हा धागा वाचताना आमच्या थोरल्याचे दिवस आठवले. त्याने २०१२ साली दहावी केली, ती सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या, म्हणजे सीसीईच्या काळात. तेव्हा चार आकारिक चाचण्या प्रत्येकी १० टक्क्यांच्या आणि दोन संकलित परीक्षा प्रत्येकी ३० टक्क्यांच्या असत. निकालात गुण येतच नसत. अक्षर आणि त्याचे अंक येत. ए१ ला १०, ए२ ला ९, बी१ ला ८, असे पाच विषयांचे अंक मिळवून सरासरी काढायची, तिला सीजीपीए म्हणायचे. टक्के हवे असतील तर त्याला ९.५ ने गुणायचे.

हा ९.५ कुठून आला ते मला एका शिक्षकांनी सांगितले होते. ९१ ते १०० या पट्ट्यात बसणाऱ्या मुलांच्या गुणांची सरासरी साधारण ९५ येत होती, तिला १० ने भागले. परिणाम असा की ज्याला पाचही विषयांत ९१ होते त्यालाही १० आणि ज्याला ९९ होते त्यालाही १०, आणि दोघांचे टक्के कागदावर ९५. आमच्या चिरंजीवाला याचा फायदा झाला, हे कबूल करते. पण पुढे नोकरीच्या अर्जात ‘दहावीचे टक्के’ असा रकाना आला की तो प्रत्येक वेळी ती गुणाकाराची टीप शोधत बसे, आणि समोरच्या माणसाला ‘सीजीपीए म्हणजे काय’ हे सांगावे लागे. २०१८ पासून मंडळाची दहावीची परीक्षा सर्वांना पुन्हा सक्तीची झाली आणि गुणही परत आले.

म्हणजे एकाच घरात एका मुलाच्या कागदावर ए१ चा अर्थ पट्टा आहे आणि भाचीच्या कागदावर रांग. आपण पालकांनी गोंधळू नये तर काय करावे?

बडोदेकर

आमच्या इकडची गंमत निराळी आहे. गुजरात मंडळाच्या दहावीच्या निकालात गुण, अक्षर आणि त्याशिवाय ‘पीआर’ म्हणजे पर्सेंटाइल रँक असते. तिथे ए१ हा पट्ट्याचाच आहे, ९१ ते १०० चा. रांगेतली जागा सांगण्याचे काम पीआर करते. माझ्या भाच्याचे टक्के ऐंशीच्या घरात आणि पीआर नव्वदीच्या पुढे होता. त्याच्या आजोबांनी दांडिया बाजारात भेटेल त्याला मोठा आकडा सांगितला आणि पुढे मूळ टक्के सांगताना आम्हा सगळ्यांची पंचाईत झाली. पर्सेंटाइल ९२ म्हणजे १०० पैकी ९२ गुण असे नसून साधारण ९२ टक्के परीक्षार्थी त्याच्या मागे आहेत असा अर्थ होतो, हे आता आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ आहे. पण दोन गोष्टींना दोन वेगळी नावे आहेत, एवढे तरी बरे. तुमच्याकडे एकाच अक्षरावर दोन्ही ओझी आहेत.

नववीचा बाप (इंदूर)

बडोदेकर, हेच पुढे बारावीनंतर जेईईला भोगावे लागते. तिथेही गुण वेगळे आणि पर्सेंटाइल वेगळे. शिवाय एनआयटीच्या प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे अशी अट असते, म्हणजे एका वाक्यात दोन्ही मापे. भंवरकुआँच्या क्लासवाल्यांच्या मोठमोठ्या फलकांवर ९९ दिसते तेव्हा ते कशाचे ९९, हे दुरून वाचता येत नाही, इतक्या बारीक अक्षरात ते लिहिलेले असते.

माझा प्रश्न ताईंना आहे. माझा मुलगा २०२६ मध्ये दहावीला बसेल. त्या वर्षापासून फेब्रुवारीच्या परीक्षेनंतर मे महिन्यात दुसरी संधी मिळणार आहे. एखाद्या विषयात त्याला ए२ आला तर ए१ साठी पुन्हा बसवावे का?

गणितवाली ताई (इंदूर)

अक्षरासाठी बसवू नका. पहिली परीक्षा सर्वांना सक्तीची आहे; दुसरीत जास्तीत जास्त तीन विषयांत गुण वाढवण्याचा प्रयत्न करता येतो आणि दोन्हींतले चांगले गुण धरले जातात. अंतर्गत २० गुणांचे मूल्यमापन एकदाच होते. गुण खरोखर कमी पडले असतील, प्रश्नपत्रिका त्या दिवशी बिघडली असेल, तर जरूर बसवा. पण अक्षर त्याच्या एकट्याच्या हातात नाही, हे वर लिहिलेच आहे. मे महिन्यात बाकीचे किती बसतील आणि कसे लिहितील याचा अंदाज घेऊन अक्षराच्या मागे धावणे म्हणजे बाजारात दुसऱ्याच्या पिशवीकडे बघून आपली भाजी घेणे.

त्यापेक्षा त्याला कोणत्या प्रकारच्या प्रश्नांत अडते ते पाहा. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत आता निम्मे गुण क्षमतेवर आधारित प्रश्नांना असतात. उतारा, तक्ता किंवा प्रसंग देऊन त्यावर विचारतात. सूत्र पाठ आहे पण वीजबिलाचा तक्ता समोर आला की सूत्र कुठे लावायचे ते सुचत नाही, अशी हुशार मुले माझ्या वर्गात दरवर्षी असतात. ती कसर अक्षरात दिसत नाही. तपासलेली सराव उत्तरपत्रिका पाहिली की लगेच दिसते.

दुसरीची बाई (इंदूर)

आता डोंगराबद्दल लिहिते, कारण तो विषय मागेच पडला. मी प्राथमिकला शिकवते. शाळेचे नाव सांगत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली गेली. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेखाली २०२३ साली ‘परख’ ही संस्था उभी राहिली आणि प्रत्येक टप्प्यासाठी पत्रकाचे नमुने आले. दुसरीपर्यंतचा टप्पा पायाभूत मानला जातो. तिथे झरा म्हणजे मूल सुरुवात करते आहे, डोंगर म्हणजे पुढे जाते आहे आणि आकाश म्हणजे ती गोष्ट त्याला चांगली जमते. त्यामुळे रामबागकरांच्या आईंना सांगावे की डोंगर म्हणजे पासही नाही आणि नापासही नाही. तिथे रांग नाही आणि पट्टाही नाही. मूल एका ठरावीक कामात आज कुठपर्यंत आले आहे, एवढेच ते चित्र सांगते. त्याची तुलना शेजारच्या मुलाच्या डोंगराशी करायची नसून त्याच मुलाच्या मागच्या सत्राशी करायची असते. तिसरीपासून चित्रांऐवजी शब्द येतात आणि जाणीव, संवेदनशीलता व सर्जनशीलता या तीन अंगांनी पाहिले जाते. त्यात मुलाने स्वतःबद्दल, वर्गमित्राने त्याच्याबद्दल आणि पालकांनी घरच्या वातावरणाबद्दल लिहायचेही भाग असतात.

कल्पना मला मनापासून पटते. अडचण वेळेची आहे. माझ्या वर्गात चाळीस मुले आहेत आणि प्रत्येकाच्या प्रत्येक कामाचे निरीक्षण लिहायचे म्हटले तर शिकवायचे कधी, हा प्रश्न रोज पडतो.

लोकमान्य नगर (इंदूर)

बाई, आपल्याबद्दल आदर ठेवून लिहितो. आमच्या मुलीच्या पत्रकात “गटात आनंदाने सहभागी होते व इतरांना मदत करते” असे वाक्य होते. आम्ही खूश झालो. मग पालकांच्या व्हॉट्सअप गटावर एकाने फोटो टाकला, मग दुसऱ्याने; मोजले तर तेच वाक्य अकरा मुलांना होते. त्यांतला एक मुलगा गटात कुणाशी बोलतच नाही, असे त्याच्या आईनेच सांगितले. पालकांनी भरायचा कागदही संध्याकाळी आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत हवा होता. ‘मला काय आवडले’ हा मुलीने भरायचा रकाना तिच्या आईने डाव्या हाताने लिहून भरला, अक्षर लहान मुलासारखे दिसावे म्हणून. मग या कागदापेक्षा १० पैकी ७ काय वाईट होते?

माझा पुतण्या राज्य मंडळाच्या शाळेत आहे. तिथे पाचवीला आणि आठवीला मंडळाच्या धर्तीवर परीक्षा होते आणि ३३ टक्के लागतात. लहानपणी चित्रे आणि मग एकदम ती परीक्षा, हा सांधा कसा जुळवायचा ते कुणी सांगत नाही.

दुसरीची बाई (इंदूर)

अकरा मुलांना एकच वाक्य ही चूक आहे आणि ती आमच्या बाजूची आहे. पण १० पैकी ७ ने तरी काय सांगितले असते? वाचनात ७ मिळालेले एक मूल जोडाक्षरांवर अडखळते आणि दुसरे सुरेख वाचते पण अर्थ विचारला की गप्प बसते. दोघांना घरी वेगळी मदत हवी. म्हणून पालकसभेत माझ्यापुढे कागद न धरता एवढेच विचारा की या कामात डोंगर का आहे आणि आकाश येण्यासाठी काय दिसायला हवे. ज्या शिक्षकाने खरोखर पाहिले आहे त्याला उत्तर देता येते. ज्याने वाक्य उतरवले आहे, तो अडखळतो.

रामबागकर (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी कळवायच्या आहेत.

वडिलांना ताईंचे ८००० मुलांचे उदाहरण मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी ते पाटीवर मांडून पाहिले आणि मग गुणपत्रिकेवरचे ‘पोझिशनल’ हे शब्द शोधून काढले. त्यांचे म्हणणे असे की शीर्षक अक्षरापेक्षा मोठ्या टाइपात छापायला हवे होते. लेकीने अकरावीला गणितासह विज्ञान घेतले आहे. शाळेने त्यासाठी विज्ञान आणि गणिताचे गुणच पाहिले, अक्षर विचारलेच नाही.

धाकट्याच्या जुन्या वर्गशिक्षिकांना शनिवारी भेटलो आणि बाईंनी सुचवलेला प्रश्न तसाच विचारला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “गोष्ट सांगायला लावली की तो नेहमी मधूनच सुरू करतो, सिंह विहिरीत पडला इथून. सुरुवात विचारली तर सगळे आठवते, पण आपणहून सांगत नाही.” आम्ही घरी आल्यावर एकमेकांकडे बघून हसलो, कारण जेवताना शाळेतल्या गमती तो अशाच शेपटाकडून सांगतो. आता रात्री आई त्याला गोष्ट सांगत नाही, त्याच्याकडून ऐकते, आणि “त्याआधी काय झाले होते?” असे विचारत मागे नेते. काल ससा जंगलात राहत होता इथपर्यंत पोचलो.

सूचनाफलकावरचा तक्ता बदलावा असे प्राचार्यांना लेखी कळवले आहे आणि ताईंचे स्पष्टीकरण हिंदीत करून सोबत जोडले आहे. आज सकाळी पाहिले तेव्हा जुना कागद तिथेच होता.